लिनक्सचा मुनीम: टर्मिनलवरून सॉफ्टवेअर बसवणं, काढणं आणि बिघडलं तर सावरणं

14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 चे नियमित सुरक्षा-अपडेट थांबले. विंडोज 11 टाकायचं तर टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप लागते आणि प्रोसेसरही साधारण 2018 नंतरचा लागतो. घरातले, दुकानाच्या काउंटरवरचे, क्लासेसमधले कितीतरी धडधाकट संगणक या अटीत बसत नाहीत. ते भंगारात देण्यापेक्षा त्यांवर विंडोजऐवजी उबुंटू किंवा लिनक्स मिंट ही मोफत लिनक्स प्रणाली टाकावी, हे आता अनेकांना पटू लागलंय.

लिनक्स टाकायला अर्धा-पाऊण तास पुरतो. अडचण येते दुसऱ्या दिवशी. विंडोजची सवय अशी की प्रोग्राम हवा तर वेबसाइट शोधायची, सेटअपची फाइल उतरवायची आणि 'नेक्स्ट, नेक्स्ट' करत जायचं. लिनक्सवर कुणीतरी सांगतं, काळी खिडकी उघड आणि 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल' असं लिही. ही खिडकी म्हणजे टर्मिनल. तिच्यात नेमकं काय घडतं हे एकदा कळलं की तिची भीती राहत नाही आणि बिघाड झाला तरी घाबरगुंडी उडत नाही.

एक सूचना आधीच. या लेखात आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी लहान अक्षरांतच टंकायच्या आणि शब्दांमधली जागा व आडव्या रेघा जशाच्या तशा ठेवायच्या. 'सुडो' म्हणजे 'हे काम प्रशासकाच्या अधिकाराने कर'. त्यानंतर पासवर्ड विचारला जातो. तो टंकताना पडद्यावर काहीच उमटत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत. कीबोर्ड बंद पडलेला नसतो, पासवर्ड टंकून एंटर दाबायचं.

## पॅकेज म्हणजे गाठोडं आणि त्यावरची चिठ्ठी

प्रोग्रामच्या सगळ्या फायली एका गाठोड्यात बांधल्या आणि वर एक चिठ्ठी लावली, की झालं पॅकेज. चिठ्ठीवर नाव, आवृत्ती, सांभाळणाऱ्याचं नाव आणि सगळ्यांत महत्त्वाची एक ओळ असते: 'मला चालायला आणखी काय काय लागतं'. या लागणाऱ्या गोष्टींना डिपेंडन्सी म्हणतात. डेबियन (उबुंटू आणि मिंट ज्याच्यावर उभे आहेत ते लिनक्स), उबुंटू आणि मिंट या तिन्हींवर पॅकेजची फाइल 'डेब' प्रकारची असते.

डिपेंडन्सी समजायला आपलं स्वयंपाकघर पुरेसं आहे. सांबारवडी करायची तर सांबार (म्हणजे कोथिंबीर), बेसन, खसखस, सुकं खोबरं लागतं. पाटवडीचा रस्सा करायचा तरी खसखस आणि खोबरं लागतंच. दोन पदार्थांसाठी खसखशीचे दोन डबे कुणी ठेवत नाही, एकाच डब्यातून दोन्हीकडे जाते. लिनक्सही असंच चालतं. जोडणी सुरक्षित करणारी ओपनएसएसएल लायब्ररी संगणकात एकदाच असते आणि कित्येक प्रोग्राम तीच वापरतात. विंडोजवर मात्र बरेच प्रोग्राम आपापली खसखस आपापल्या पुडीत बांधून आणतात.

एका डब्याचा फायदा मोठा आहे. ओपनएसएसएलमध्ये खोट सापडली तर एक पॅकेज बदललं की तिच्यावर चालणारे सगळे प्रोग्राम एकदम सुधारतात. तोटाही तिथेच आहे. एका प्रोग्रामला डब्यातली जुनी खसखस हवी आणि दुसऱ्याला नवी, तर भांडण होणारच. ते भांडण होऊ नये म्हणून डब्यांचा हिशेब ठेवणारं कुणीतरी लागतं.

## मुनीम आणि गोदामातला माणूस

नागपूरच्या इतवारीतल्या जुन्या ठोक दुकानात मालकाच्या बाजूला वही घेऊन मुनीम बसतो आणि मागे गोदामात माल उतरवणारा माणूस असतो. डेबियनच्या घराण्यात गोदामातल्या माणसाचं काम 'डीपीकेजी' करतं. हा प्रोग्राम 1994 पासून आहे. हातात दिलेलं गाठोडं सोडायचं, फायली जागच्या जागी लावायच्या आणि वहीत नोंद करायची, एवढंच त्याचं काम. डिपेंडन्सी नसेल तर तो तक्रार करतो, पण स्वतः जाऊन आणत नाही.

आणायचं काम मुनीम करतो, म्हणजे 'ॲप्ट'. तो 1999 च्या डेबियन 2.1 सोबत सर्वांच्या हाती आला. काय हवं ते सांगितलं की त्यासाठी आणखी काय लागेल, घरात काय आधीच आहे, कशाशी काय जमणार नाही, हे सगळं तो जुळवतो, माल मागवतो आणि डीपीकेजीकडे सोपवतो. आधी त्याची आज्ञा 'ॲप्ट-गेट' होती. सुटसुटीत 'ॲप्ट' 2014 पासून आलं. जुन्या लेखांत 'ॲप्ट-गेट' दिसलं तर गोंधळू नका, रोजच्या कामासाठी दोन्ही जवळपास सारखेच.

माल जिथून येतो त्या भांडाराला रिपॉझिटरी म्हणतात. डेबियनच्या भांडारात 60 हजारांहून जास्त पॅकेजेस आहेत आणि त्याच्या नकला जगभरच्या सर्व्हरवर ठेवलेल्या असतात. अशा नकलेला मिरर म्हणतात. उबुंटू बसवताना देश भारत निवडला की सहसा भारतासाठीचा मिरर ठरतो.

वहीसुद्धा पाहता येते. ती '/व्हार/लिब/डीपीकेजी/स्टेटस' या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असते. हाताने तिच्यात खाडाखोड मात्र कधीच करू नये. विचारायचं तर 'डीपीकेजी -एस' आहे. हा 'एस' कॅपिटल, आणि पुढे फाइलचा पत्ता दिला की ती कोणत्या पॅकेजची हे कळतं. उलटं, कॅपिटल 'एल' देऊन पॅकेजचं नाव दिलं की त्याने संगणकात कुठे कुठे काय ठेवलंय त्याची यादी मिळते. विंडोजवर हा प्रश्न विचारायला सरळ जागाच नाही. लिनक्सवर शिस्तीने बसवलेल्या प्रत्येक फाइलला मालक असतो, आणि माझ्या मते या पद्धतीचं सगळ्यांत मोठं धन हेच आहे.

## 'अपडेट केलं, तरी काहीच बदललं नाही'

ही तक्रार नवख्यांकडून हमखास येते, कारण 'अपडेट' आणि 'अपग्रेड' हे दोन शब्द इथे वेगळ्या अर्थाने वापरले जातात.

'सुडो ॲप्ट अपडेट' फक्त ताजं भावपत्रक आणतं. भांडारात आज काय आहे, कोणत्या आवृत्तीचं आहे, एवढं मुनिमाला कळतं. माल जागचा हलत नाही. 'सुडो ॲप्ट अपग्रेड' म्हटल्यावर त्या पत्रकाप्रमाणे घरातली पॅकेजेस बदलली जातात. म्हणून क्रम ठरलेला: आधी अपडेट, मग अपग्रेड. पत्रक महिनाभर जुनं असताना थेट काही बसवायला गेलात तर '404 नॉट फाउंड' येतं, कारण मागितलेली आवृत्ती भांडारातून केव्हाच निघून गेलेली असते. उपाय एकच: अपडेट चालवून पुन्हा मागा.

अपडेट चालताना प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एक छोटा शब्द येतो. 'हिट' म्हणजे आपल्याकडची यादी ताजीच आहे. 'गेट' म्हणजे नवी उतरवली. 'इग्न' म्हणजे ती बाब सोडून दिली, त्याची काळजी नको. 'एर' दिसलं तर थांबून वाचायचं.

कधी कधी अपग्रेडमध्ये काही पॅकेजेस मागे ठेवल्याचं दिसतं. उबुंटूवर याचं नेहमीचं कारण म्हणजे टप्प्याटप्प्याने वाटप. नवं अपडेट आधी थोड्या संगणकांना देतात आणि तक्रार नसेल तर बाकीच्यांना. आपली पाळी काही दिवसांत येते, जबरदस्ती करायची गरज नाही. दुसरं कारण असं की साधं 'अपग्रेड' कोणतंही पॅकेज काढून टाकत नाही. एखादं काढल्याशिवाय पुढे जाता येत नसेल तर ते थांबतं. अशा वेळी 'सुडो ॲप्ट फुल-अपग्रेड' लागतं, पण ते काय काय काढणार आहे हे वाचूनच.

## एक पॅकेज बसवून पाहू: मराठी टंकण्याची सोय

उबुंटूवर मराठी टंकायला 'आयबस-एम17एन' हे पॅकेज सोयीचं आहे. कीबोर्डमध्ये इन्स्क्रिप्ट आणि रोमन उच्चारावरून टंकायच्या पद्धती त्यातून मिळतात. आधी 'ॲप्ट शो आयबस-एम17एन' असं विचारावं. माहिती वाचायला सुडो लागत नाही. उत्तरात आवृत्ती, आकार, वर्णन आणि 'डिपेंड्स' ही ओळ दिसते. त्या ओळीत 'लिबएम17एन-0' नावाची लायब्ररी असते, आणि त्या लायब्ररीला 'एम17एन-डीबी' लागतं, ज्यात भाषांचे नकाशे आहेत. मागणी एकाची, माल तिघांचा.

आता 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल आयबस-एम17एन'. मुनीम पॅकेजांच्या याद्या वाचतो, कोण कोणावर अवलंबून आहे याचा वृक्ष मांडतो आणि मग हिशेब पुढे ठेवतो. सोबत येणारी जास्तीची पॅकेजेस, सुचवलेली पण न येणारी पॅकेजेस, आणि शेवटी चार आकड्यांची ओळ: किती अपग्रेड होणार, किती नव्याने बसणार, किती काढली जाणार, किती तशीच राहणार. त्याखाली किती डेटा उतरेल आणि डिस्कवर किती जागा लागेल. मग प्रश्न येतो: पुढे जायचं का, वाय की एन?

इथे पाच सेकंद थांबायचं आणि त्या चार आकड्यांतला तिसरा पाहायचा. काढली जाणारी पॅकेजेस शून्य असतील तर निर्धास्त 'वाय' म्हणा. शून्य नसेल तर वर जाऊन नावं वाचा. नोव्हेंबर 2021 मध्ये एका नामांकित यूट्यूब चॅनेलच्या चालकाने पॉप ओएस या उबुंटूवर आधारलेल्या लिनक्सवर स्टीम हे खेळांचं ॲप बसवायला घेतलं. भांडारातल्या एका चुकीमुळे आवृत्त्या जुळत नव्हत्या, आणि स्टीम बसवायचं तर अख्खा डेस्कटॉप काढावा लागेल असा हिशेब ॲप्टने मांडला. इशारा दिला, एक पूर्ण वाक्य हाताने टंकायला लावलं. ते टंकलं गेलं आणि डेस्कटॉप गेला. ॲप्टच्या पुढच्या आवृत्त्यांनी ही वाट बरीचशी बंद केली आहे, तरी ती ओळ वाचायची सवय सुटू देऊ नये. धाकधूक वाटली तर इन्स्टॉलच्या पुढे '-एस' जोडा, हा 'एस' लहान. मग मुनीम नुसता हिशेब दाखवतो, हात कशालाच लावत नाही.

पॅकेज बसलं की एकदा लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करा, सेटिंग्जमध्ये कीबोर्डच्या इनपुट सोर्समध्ये मराठी निवडा, म्हणजे झालं. अक्षरं नीट दिसत नसतील तर 'फॉन्ट्स-लोहित-देवा' हे पॅकेजही मागवून घ्या.

## 'इंटरनेटवरून येणाऱ्या मालावर विश्वास कसा ठेवायचा?'

हा आक्षेप रास्त आहे. त्यात भर म्हणजे अनेक मिरर साध्या एचटीटीपीवर चालतात, ब्राउझरमधलं कुलूप तिथे नसतं. तरीही माल सुरक्षित राहतो, कारण ॲप्टचा भरवसा गाडीवर नसतो, सीलवर असतो.

भांडाराच्या मुख्य यादीवर डेबियनची किंवा उबुंटूची डिजिटल सही असते, आणि ती तपासायची किल्ली आपल्या संगणकात लिनक्ससोबतच आलेली असते. त्या यादीत पॅकेजांच्या याद्यांचे ठसे असतात, त्या याद्यांत प्रत्येक डेब फाइलचा ठसा असतो. ठसा म्हणजे फाइलवरून गणिताने काढलेला लांबलचक आकडा. फाइलमधलं एक अक्षर बदललं तरी तो बदलतो. वाटेत कुणी माल बदलला तर ठसा जुळत नाही आणि ॲप्ट तो नाकारतं. 'हॅश सम मिसमॅच' ही चूक त्यातूनच येते. बहुतेक वेळा मागे चोर नसतो, मिररवर माल अर्धवट पोचलेला असतो. तासाभराने पुन्हा अपडेट करावं. तरी हटलं नाही तर '/व्हार/लिब/ॲप्ट/लिस्ट्स' मधल्या याद्या काढून टाकून पुन्हा अपडेट करावं. त्या याद्या नव्याने उतरतात, नुकसान काही होत नाही.

जुन्या संगणकांवर आणखी एक चूक येते आणि तिचं कारण कुणाच्या लक्षात येत नाही. ॲप्ट म्हणतं, भांडाराची ही यादी 'अजून वैध झालेली नाही', आणखी इतक्या तासांनी किंवा दिवसांनी होईल. यादीवर तारीख असते, आणि आपल्या संगणकाचं घड्याळ मागे पडलेलं असल्याने ती यादी त्याला भविष्यातली वाटते. मदरबोर्डवर सीआर2032 ही 3 व्होल्टची नाण्याएवढी बॅटरी असते. ती संपली की वीज बंद केल्यावर घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं. 'टाइमडेटसीटीएल' ही आज्ञा दिली की संगणकाला कोणती तारीख वाटते ते कळतं. तारीख दुरुस्त करा, चूक जाते. बॅटरी बदला, म्हणजे परत येत नाही. दुकानदाराने याच तक्रारीवर पूर्ण फॉरमॅट सुचवला तर आधी तारीख पाहायला सांगा.

सहीला मर्यादा आहे, तीही स्पष्ट सांगायला हवी. 'हा माल भांडारातूनच निघाला' एवढंच सही सांगते. मूळ लेखकानेच आत विष कालवलं तर सहीला ते कळत नाही. 29 मार्च 2024 रोजी हेच उघड झालं. एक्सझेड या फाइल दाबून लहान करणाऱ्या साधनाच्या 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांत चोरवाट लपवलेली होती. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं, त्याने पिच्छा पुरवला आणि ती सापडली. तोवर ती डेबियनच्या चाचणीच्या शाखेत आणि फेडोरा या दुसऱ्या लिनक्सच्या येऊ घातलेल्या आवृत्तीत पोचली होती. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत पोचली नव्हती, कारण स्थिर आवृत्ती नवा माल घ्यायला मुद्दाम वेळ लावते.

## 'पण मग मला जुनंच सॉफ्टवेअर मिळतं ना?'

आवृत्तीचा आकडा जुना असतो, पण दुरुस्त्या नव्या असतात. उबुंटू 22.04 मध्ये ओपनएसएसएलची आवृत्ती 3.0.2 दिसते, आणि वेबसाइटवर तर कितीतरी पुढचा आकडा असतो. पण पूर्ण आकडा वाचला तर 3.0.2 नंतर एक आडवी रेघ, मग '0उबुंटू1' आणि त्यापुढे टिंब देऊन आणखी एक आकडा असतो. रेघेच्या आधीचा भाग मूळ लेखकांचा आणि नंतरचा उबुंटूच्या सांभाळणाऱ्यांचा. सुरक्षेची खोट सापडली की तेवढीच दुरुस्ती ते जुन्या आवृत्तीत आणून बसवतात आणि शेवटचा आकडा वाढवतात. डब्यातली खसखस निवडून घेतात, डबा बदलत नाहीत. त्यामुळे बाकीच्या पदार्थांची चव बिघडत नाही.

म्हणून दुकानाच्या किंवा क्लासच्या संगणकावर उबुंटूची एलटीएस, म्हणजे दीर्घ मुदतीची आवृत्तीच ठेवावी. ती दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते आणि तिला 5 वर्षं सुरक्षा-दुरुस्त्या मिळतात. 24.04 ची ती मुदत 2029 मध्ये संपते. मधल्या आवृत्त्यांना 9 महिनेच मिळतात, आणि मुदत संपल्यावर त्यांचं भांडार नेहमीच्या पत्त्यावरून हलवलं जातं. मग अपडेटला सगळीकडे 404 येतं. तिथे पत्रक ताजं करून उपयोग नसतो, आवृत्तीच बदलावी लागते.

## अपग्रेड चालू असताना वीज गेली तर?

नागपुरात मे महिन्यात संध्याकाळी वावटळ सुटली, चार थेंब पडले की वीज जाते. डेस्कटॉपवर नेमकं तेव्हाच अपग्रेड चालू असेल तर लोकांना वाटतं, गेलं सगळं. बहुतेक वेळा काहीच गेलेलं नसतं.

डीपीकेजी एका पॅकेजचं काम दोन टप्प्यांत करतं. आधी गाठोडं सोडणं, मग मांडणी करणं. सोडतानाही नवी फाइल थेट जुनीवर लिहीत नाही. तिच्या शेजारी 'डीपीकेजी-न्यू' अशा शेपटाच्या नावाने ठेवतं, पूर्ण लिहून झाली की एका झटक्यात नाव बदलतं. मध्येच वीज गेली तर जुनी फाइल शाबूत राहते किंवा नवी पूर्ण मिळते, अर्धवट फाइल कामावर लागत नाही. आणि कोण कुठवर आलं होतं हे वहीत लिहिलेलं असतं.

वीज आल्यावर ॲप्ट चालवलंत तर ते स्वतःच सांगतं की डीपीकेजीचं काम मध्येच तुटलं, आणि उपायही सांगतं: 'सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए'. सोडून ठेवलेली पण मांडणी राहिलेली सगळी पॅकेजेस ही आज्ञा पूर्ण करते. त्यानंतर 'सुडो ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल' द्या, राहिलेल्या डिपेंडन्सी त्याने भरून निघतात. शेवटी पुन्हा अपग्रेड. क्रम हाच ठेवा.

डेस्कटॉपच उघडत नसेल तर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ3 एकत्र दाबा. मजकुराचा पडदा येतो, तिथे लॉगिन करून याच आज्ञा देता येतात. तेही जमत नसेल तर संगणक सुरू होताना एस्केप (जुन्या बायोसवर शिफ्ट) दाबून ग्रबच्या, म्हणजे सुरुवातीच्या मेनूच्या, यादीत जा आणि 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' मधून आधीचा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, निवडा. उबुंटू जुना कर्नल ठेवतं ते याचसाठी. तिथेच रिकव्हरी मोडही असतो आणि त्यात डीपीकेजी दुरुस्त करायचा पर्याय तयार मिळतो.

मुळात ही वेळ येऊ नये म्हणून अपग्रेडचे दोन भाग करा. 'सुडो ॲप्ट अपग्रेड --डाउनलोड-ओन्ली' दिलं की माल फक्त उतरतो आणि '/व्हार/कॅश/ॲप्ट/आर्काइव्ह्ज' मध्ये राहतो. यात वीज गेली किंवा मोबाइलचा दिवसाचा डेटा संपला तरी बिघडत नाही, उरलेलं दुसऱ्या दिवशी पुढे उतरतं. सगळं उतरलं की वीज स्थिर असताना, शक्यतो सकाळी, साधं अपग्रेड चालवा. जोखमीचा भाग तेवढाच, आणि घरगुती डेस्कटॉपवर तो सहसा काही मिनिटांत आटोपतो.

## कुलूप, जागा आणि मध्येच आलेला प्रश्न

संगणक सुरू केल्या केल्या ॲप्ट चालवलं तर 'लॉक मिळालं नाही' असं येतं आणि सोबत 'अनअटेंडेड-अपग्र' हे नाव दिसतं. मागच्या बाजूला सुरक्षा-अपडेट आपोआप चालू असतात, आणि एका वेळी एकच हात वहीवर चालावा म्हणून कुलूप लावलेलं असतं. पाच-दहा मिनिटं थांबा. लॉकची फाइल डिलीट करा असा सल्ला जागोजागी दिलेला दिसतो. तो पाळू नका, दोघांनी एकदम वहीत लिहिलं तर नोंदी खरोखर बिघडतात.

'नो स्पेस लेफ्ट' आलं तर 'डीएफ -एच' देऊन कोणता भाग भरलाय ते पाहा. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर 'बूट' हा वेगळा छोटा भाग असतो आणि जुन्या कर्नलांनी तो भरतो. 'सुडो ॲप्ट ऑटोरिमूव्ह' ते काढतं. उतरवलेल्या डेब फायली 'सुडो ॲप्ट क्लीन' ने जातात.

अपग्रेड मध्येच थांबून एखाद्या सेटिंगच्या फाइलबद्दल विचारतं: तुमची बदललेली ठेवू की नवी घेऊ? नुसतं एंटर दाबलं तर तुमची राहते. फरक पाहायचा तर 'डी' दाबा.

## काढतानाही वहीतूनच

'रिमूव्ह' प्रोग्राम काढतं, पण '/ईटीसी' मधल्या त्याच्या सेटिंग्ज ठेवतं. 'डीपीकेजी -एल' (इथे 'एल' लहान) च्या यादीत मग त्याच्यापुढे 'आरसी' दिसतं. नीट बसलेल्यांपुढे 'आयआय' असतं. 'पर्ज' त्या सेटिंग्जही काढतं. तुमच्या होम फोल्डरमधल्या फायलींना दोन्ही हात लावत नाहीत. डिपेंडन्सी म्हणून आलेली आणि आता कुणालाच न लागणारी पॅकेजेस ऑटोरिमूव्ह आवरतं.

काय केव्हा बसवलं, काढलं हे '/व्हार/लॉग/ॲप्ट/हिस्टरी.लॉग' मध्ये तारीख, वेळ आणि दिलेल्या आज्ञेसकट लिहिलेलं असतं. चुकून काही गेलं असेल तर तिथून नावं उचलून पुन्हा बसवता येतात.

## मागच्या दाराने आलेला माल

वेबसाइटवरून उतरवलेली डेब फाइल, पीपीए नावाचं खाजगी भांडार, किंवा 'ही एक ओळ टर्मिनलमध्ये चिकटवा' असं सांगणारी स्क्रिप्ट, हे तिन्ही सारख्याच धोक्याचे नाहीत.

डेब फाइलची नोंद वहीत होते. ती 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल ./फाइलचं नाव' अशी बसवा. टिंब आणि तिरकी रेघ विसरू नका, नाहीतर ॲप्ट ती फाइल समजण्याऐवजी भांडारात ते नाव शोधत बसतं. पण तिचे अपडेट आपोआप येतीलच असं नाही, ते त्या कंपनीने आपलं भांडार जोडलंय का यावर अवलंबून असतं. पीपीएची नोंदही होते, अपडेटही येतात, फक्त विश्वास ते भांडार चालवणाऱ्यावर ठेवायचा. उबुंटूची आवृत्ती बदलताना जी पॅकेजेस अडतात त्यांत पीपीएची फार असतात. चिकटवायची स्क्रिप्ट मात्र प्रशासकाच्या अधिकाराने काहीही करू शकते आणि मुनिमाला पत्ताही लागत नाही. पुढे तिने काय कुठे ठेवलं हे विचारायला कुणी नसतं. ती टाळाच, आणि इलाज नसेल तर आधी उतरवून, उघडून वाचा.

पायथन शिकणारे विद्यार्थी पायथनचे डबे आणणाऱ्या पिपला 'पिप इन्स्टॉल' अशी आज्ञा देतात आणि 'एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्न्मेंट' असं उत्तर येतं. डेबियन 12 आणि उबुंटू 23.04 पासून हे मुद्दाम केलेलं आहे. सिस्टिमच्या पायथनवर उबुंटूची स्वतःची कामं चालतात, पिपने त्याचे डबे बदलले तर ती बंद पडतील. 'पायथन3-व्हीईएनव्ही' हे पॅकेज बसवून प्रत्येक प्रोजेक्टसाठी वेगळं वातावरण तयार करा आणि पिप तिथे मनसोक्त वापरा. 'ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस' हा पर्याय देऊन पुढे रेटू नका, नावातच परिणाम सांगितलाय.

स्नॅप आणि फ्लॅटपॅक ही वेगळी घराणी आहेत. त्यांची पॅकेजेस आपली खसखस बऱ्याच अंशी सोबत आणतात, त्यामुळे जागा जास्त घेतात, पण सिस्टिमशी भांडत नाहीत. उबुंटू 22.04 पासून 'ॲप्ट इन्स्टॉल फायरफॉक्स' म्हटलं तरी फायरफॉक्स स्नॅपमधूनच येतो. त्याची खबर 'स्नॅप लिस्ट' ला विचारायची. मिंटने 2020 पासून स्नॅप मुळातच बंद ठेवलंय आणि तिथे फ्लॅटपॅक चालतं. ताजी आवृत्ती हवीच असलेली एक-दोन मोठी ॲप्स अशी घ्यावीत, बाकीची भांडारातून.

## फेडोरा असेल तर

फेडोराच्या घराण्यात डेबऐवजी 'आरपीएम' आणि ॲप्टऐवजी 'डीएनएफ' असतं. इन्स्टॉल, रिमूव्ह, सर्च हे शब्द तेच आहेत. 'डीएनएफ अपग्रेड' गरज पडली की भावपत्रक स्वतःच ताजं करतं, म्हणून वेगळं अपडेट द्यावं लागत नाही. शिवाय 'डीएनएफ हिस्टरी' प्रत्येक व्यवहाराला क्रमांक देते. 'सुडो डीएनएफ हिस्टरी अनडू' च्या पुढे तो क्रमांक दिला की तेवढा व्यवहार उलटवला जातो, मात्र जुनी आवृत्ती भांडारात शिल्लक असेल तरच.